नाकाचं हाड ‘वाढत’ नाही

गेल्या अंकात कानातल्या मळाबद्दल लिहिलं आणि टपालात पत्रं आली ती नाकाची. चतुर्थीनंतर दरवर्षी असंच होतं. तीन महिने भिंतींना ओल, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास, त्यात धूप, फटाके, आणि मुंबईहून आलेले निम्मे पाहुणे सर्दी घेऊनच आलेले. म्हापशाच्या माझ्या दवाखान्यात शुक्रवारी बाजाराला आलेली माणसं पिशव्या कोपऱ्यात ठेवून नाक दाखवून जातात. या महिन्यात पिशव्यांनाही जागा नव्हती.

पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा आलंय: “नाकाचं हाड वाढलंय असं सांगितलं.” त्याचा निकाल आधी लावते, म्हणजे प्रत्येक उत्तरात तेच लिहावं लागणार नाही.

दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक भिंत असते, तिला आपण पडदा म्हणू. नाकाचं टोक बोटांत धरून हलवून बघा. जे हलतं ती कूर्चा, पडद्याचा पुढचा भाग. मागचा भाग पातळ हाडाचा, तो हलत नाही. ही भिंत कुणाची जन्मतः वाकडी असते, कुणाची वाढत्या वयात वाकते, कुणाची मार बसून. अगदी ओळंब्यात असलेला पडदा मी इतक्या वर्षांत फार थोड्या नाकांत पाहिलाय. नखं वाढतात तसं हे हाड वाढत नाही. जे सुजतं आणि उतरतं ते वेगळंच. नाकाच्या बाहेरच्या भिंतीला दोन्हीकडे मांसल घड्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. सर्वांत खालची घडी करंगळीएवढी. पडदा डावीकडे वाकला की उजवीकडे जागा मोकळी राहते आणि तिथली घडी ती जागा भरायला फुगते. लोक “मास वाढलंय” म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. म्हणून पडदा डावीकडे आणि तक्रार उजव्या नाकपुडीची, असंही होतं.

आता पत्रं.

मोपा विमानतळावर टॅक्सी चालवतो. वय ३६. डोकं वरचेवर दुखतं म्हणून सीटी स्कॅन काढला. रिपोर्टात आलं, पडदा डावीकडे वाकलाय आणि त्याला स्पर आहे. एका ठिकाणी सांगितलं, आताच ऑपरेशन करून टाका, नाहीतर वाढत जाईल. श्वासाला तसा काही त्रास नाही. करू का? — टॅक्सीचालक, पेडणे

नका करू. निदान आत्ता नको, आणि या कारणासाठी तर नकोच.

स्कॅन डोक्यासाठी काढला, नाक त्यात आपोआप आलं. रस्त्यावरच्या कुणाही दहा जणांचे स्कॅन काढले तर बऱ्याच जणांच्या रिपोर्टात हेच वाक्य छापून येईल. ऑपरेशन त्रासासाठी असतं, रिपोर्टासाठी नसतं. मोठ्या माणसाचा पडदा पुन्हा मार बसल्याशिवाय महिन्या-महिन्याला वाकत जात नाही, तेव्हा “वाढत जाईल” या धाकाने सही करू नका.

तुमच्या पत्रात दुसऱ्या पानावर लिहिलंय: एका बाजूला ठणकतं, उजेड सोसत नाही, रात्रपाळी झाली आणि जेवण चुकलं की हमखास येतं. हे वर्णन अर्धशिशीचं आहे. आधी फिजिशियनकडे जा, रक्तदाब आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या. स्पर म्हणजे पडद्याला आलेलं टोक. ते समोरच्या घडीत रुतलं तर क्वचित डोकं दुखतं, नाही असं नाही. पण ते पडताळता येतं. डोकं दुखत असतानाच त्या जागी बधिर करणाऱ्या औषधाचा कापूस ठेवतात. काही मिनिटांत दुखणं ओसरलं तर नाकाचा विचार करायचा. कापूस न ठेवता थेट सुरी घ्यायची घाई मला पटत नाही.

नाक खरंच कमी चालतंय का, याची एक खूण घरी बघता येते. कोरडा, थंड, चकचकीत स्टीलचा चमचा नाकाखाली आडवा धरा आणि तोंड मिटून श्वास सोडा. दोन बाजूंना वाफेचे दोन डाग उठतील. एक मोठा, एक छोटा दिसला म्हणून लगेच घाबरू नका. निरोगी नाकातही काही तास एक बाजू मोकळी आणि दुसरी किंचित बंद असते, मग पाळी बदलते. सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री बघा. चार-पाच दिवस दर वेळी एकाच बाजूचा डाग नखाएवढा आला, तर त्या बाजूला काहीतरी कायमचं आडवं आहे. आम्हीही दवाखान्यात हेच करतो, फक्त आमची पट्टी चमच्यापेक्षा महाग असते.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. वय ४३. तीन वर्षं नाक चोंदलेलं. रोज रात्री झायलोमेटाझोलिनचे थेंब घातल्याशिवाय झोप नाही, आता दिवसाही दोनदा लागतात. पर्समध्ये एक बाटली, उशीशी एक. पडदा वाकडा आहे असं निदान झालंय. ऑपरेशनने थेंब सुटतील का? — शिक्षिका, डिचोली

बाई, तुम्ही प्रश्न उलटा विचारलात. आधी थेंब सोडवायचे, मग पडदा बघायचा.

हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे पाच मिनिटांत नाक मोकळं होतं. असर उतरला की त्याच वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग पुन्हा थेंब. पाच दिवसांपुढे हे औषध घालू नये ते यासाठी. तीन वर्षांनंतर तुमच्या नाकात पडद्यामुळे किती अडतंय आणि थेंबांमुळे किती, हे मलाही आत बघून सांगता येणार नाही. अशा नाकाचं ऑपरेशन केलं तर पडदा सरळ होतो आणि बाटली पर्समध्येच राहते. वर, रक्तदाब असेल तर हे थेंब तसेही जपून वापरायचे.

सोडायची रीत सांगते, पण तुमच्या डॉक्टरांच्या नजरेखाली करा. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्टेरॉइड स्प्रे रोज सुरू करायचा. थेंब आधी एकाच नाकपुडीचे बंद करायचे, दुसरीत चालू ठेवायचे. आठवडा-दोन आठवड्यांत बंद केलेली बाजू सावरते, मग दुसरीचे थांबवायचे. पहिल्या तीन-चार रात्री वाईट जातात. उशाला दोन उशा घ्या आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा की चिडचिड होईल.

स्प्रेवर लोकांचा विश्वास बसत नाही, कारण तो थेंबांसारखा लगेच लागत नाही. पूर्ण परिणामाला दोन आठवडे लागतात, आणि सहा आठवडे नेमाने मारल्याशिवाय “फरक नाही” म्हणायचं नाही. मारायची पद्धतही चुकते. मी प्रत्येकाला समोर मारून दाखवायला सांगते. दहातले आठ जण मान मागे टाकतात, नळी छताकडे धरतात आणि जोरात ओढतात. औषध घशात उतरतं, कडू लागतं, आणि नाकाला मिळत नाही. मान किंचित खाली. डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजवीला डावा. नळीचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, म्हणजे फवारा पडद्यावर बसत नाही. पडद्यावर रोज बसला की तिथे खपली धरते आणि घोळणा फुटतो. श्वास हळू, फूल हुंगतो तेवढाच. ‘स्टेरॉइड’ शब्दाला भिऊ नका, मात्रा फार थोडी असते आणि काम जागच्या जागी होतं. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

तुम्ही खडूची धूळ आणि घरासमोरून जाणारे खाणीचे ट्रक, दोन्ही लिहिलंय. सकाळी उठल्यावर शिंकांची माळ लागते, नाक आणि डोळे खाजतात, हेही लिहिलंय. ही ॲलर्जी आहे आणि ती कुठल्याही ऑपरेशनने जात नाही. चादरी, उशांचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा, गाद्यांना ऊन दाखवा. पावसाळा उतरल्यावर येणारं ऊन त्यासाठीच आहे असं समजा.

नाक मिठाच्या पाण्याने धुतलंत तर निम्मी धूळ संध्याकाळी निघून जाईल. अर्धा लिटर पाणी, एक सपाट चहाचा चमचा मीठ, पाव ते अर्धा चमचा खाण्याचा सोडा. मीठ बारीक घ्या. आगरातलं जाडं मीठ सोलकढीला उत्तम, पण ते चमच्यात नीट मापता येत नाही आणि तळाला माती राहते. पाणी एक मिनिट तरी खळखळ उकळून कोमट केलेलं हवं. विहिरीचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका. गोड्या कोमट पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून मेंदूत पोचला तर माणूस वाचणं कठीण. केरळात अलीकडे अमीबाच्या अशा मेंदूज्वराचे रुग्ण सापडलेत. नेतीच्या भांड्यालाही हाच नियम.

तीन महिने हे सगळं करा. त्यानंतरही एक बाजू बंदच राहिली तर त्याला पडदा जबाबदार आहे असं मी मानेन.

उत्सवी नाटकांत गातो. वय ५१. उजवी नाकपुडी शाळेत असल्यापासून बंद, घोळणाही फुटतो. स्प्रे तीन महिने मारला, फरक नाही. ऑपरेशन सांगितलंय. मेव्हण्याने केलं होतं, तो म्हणतो काही उपयोग नाही. आवाज बदलेल का? माघातल्या जत्रेला नाटक आहे. — गायक-नट, फोंडा

तुमच्यासारख्याला ऑपरेशनचा फायदा होतो. एकच बाजू, कायमची, आणि औषध नेमाने करूनही बंद. २०२३ मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १७ रुग्णालयांतल्या ३७८ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं, एका गटाचं ऑपरेशन केलं, दुसऱ्याला स्प्रे दिले. सहा महिन्यांनी त्रासाचे गुण मोजले. ऑपरेशनवाल्यांचे सरासरी २० च्या आसपास, स्प्रेवाल्यांचे जवळजवळ ४०. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. हॉलंडमध्ये २०१९ साली २०३ जणांवर केलेल्या अभ्यासाचाही कौल ऑपरेशनकडेच होता. म्हणजे नीट निवडलेल्या माणसाला उपयोग होतो.

मेव्हण्यांची निवड नीट झाली होती का, ते मला माहीत नाही. उपयोग न होण्याची कारणं ठरलेली आहेत. ॲलर्जी होती आणि ऑपरेशननंतर स्प्रे बंद केला. किंवा पडदा सरळ केला, पण समोरची फुगलेली घडी तशीच ठेवली. किंवा अडचण पडद्यात नव्हतीच, नाकपुडीच्या अगदी तोंडाशी अरुंद झालेल्या जागेत होती. दोन बोटांनी गाल नाकापासून बाहेर ओढून बघा. एकदम मोकळं वाटलं तर त्या जागेचाही विचार करावा लागतो, आणि हे सर्जनला ऑपरेशनच्या आधी दाखवा.

दुसऱ्यांवर बोट ठेवण्याआधी माझंही सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका पदेराचं ऑपरेशन केलं. पहाटे तीनला उठून भट्टीपाशी पीठ मळणारा माणूस. पडदा सुरेख सरळ झाला, मी स्वतःवर खूश. सहा महिन्यांनी तो परत आला, नाक तसंच गच्च. “दोतोर, हाड काडलें, पूण वारें खंय?” पिठाची ॲलर्जी मी विचारलीच नव्हती. मैदा नाकात जातोय हे मला त्याच्या भुवयांवरसुद्धा दिसत होतं.

आता ऑपरेशनचं. बहुधा पूर्ण भूल देतात, तास-सव्वा तासाचं काम. चेहऱ्यावर टाका येत नाही. नाकपुडीच्या आत, पडद्याच्या पुढच्या कडेला जेमतेम दीड सेंटीमीटरचा छेद घेतात आणि पडद्यावरचं अस्तर उचलतात. फणसाच्या आठळीवरचं पांढरं साल न फाटता काढायचं म्हटलं तर जो धीर लागतो, तो इथे लागतो. अस्तर दोन्ही बाजूंनी एकाच जागी फाटलं तर पुढे तिथे भोक राहतं. मग वाकलेला तुकडा काढायचा, काही ठिकाणी नुसता सैल करून मध्यावर आणायचा, आणि अस्तर पुन्हा बसवून शिवायचं. पूर्वी हाड-कूर्चा भरपूर कापून काढत. त्याने नाकाचा कणा खचे. आता वरची आणि पुढची पट्टी सेंटीमीटरभर तरी राखतात, नाकाचं छप्पर त्यावर उभं असतं.

नंतर काही ठिकाणी दिवस-दोन दिवस नाकात बोळे असतात. दुखण्यापेक्षा हेच लोकांना नको होतं. तोंडाने श्वास, ओठ कोरडे, घोट घेतला की कानात टप् होतं. काही सर्जन बोळे न भरता अस्तर टाक्यांनी बसवतात किंवा सिलिकॉनच्या मऊ पट्ट्या ठेवून पाच-सात दिवसांनी काढतात. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, सिलिंडर किंवा पेटी उचलायची नाही, धूम्रपान बंद. मिठाच्या पाण्याने धुत राहायचं, खपल्या आपोआप सुटतात, बोटाने ओढायच्या नाहीत. पहिल्या पंधरवड्यात नाक आधीपेक्षा जास्त बंद वाटतं आणि पैसे फुकट गेले असं प्रत्येकजण मला म्हणतो. खरा निकाल दोन-तीन महिन्यांनी.

धोके: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पडद्याला भोक पडून श्वासाबरोबर शिटी वाजणं, नाकाचा आकार किंचित बदलणं, वरचे पुढचे दात काही आठवडे बधिर राहणं, दोन भिंती एकमेकींना चिकटणं, आणि क्वचित वास कमी होणं. थोड्या जणांना पुन्हा ऑपरेशन लागतं. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

आवाज घशातून येतो, नाक त्याला घुमारा देतं. ऑपरेशननंतर सूज असेपर्यंत ‘म’ आणि ‘न’ सर्दीतल्यासारखे येतील. पुढे श्रोत्यांना ओळखू येईल असा फरक बहुतेकांच्या बाबतीत पडत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मात्र आवर्जून सांगा की तुम्ही गाता. श्वासाची नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, दोन-तीन दिवस घसा बसतो. तालमी चार आठवड्यांनी सुरू करा. माघातल्या नाटकासाठी नोव्हेंबर उजाडू देऊ नका, आणि जमत नसेल तर जत्रा झाल्यावर करा. इतकी वर्षं थांबलात, आणखी तीन महिन्यांनी काही बिघडत नाही.

मुलगा १२ वर्षांचा. जूनमध्ये फुटबॉल खेळताना दुसऱ्याचं डोकं नाकावर बसलं. एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही म्हणून घरी पाठवलं. आता डावी बाजू बंद असते, तोंड उघडं टाकून झोपतो. ऑपरेशन लगेच करावं का? — आई, वाळपई

ताई, एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही. “हाड मोडलं नाही” हे खरं असेल, पण पडदा सरकला की नाही हे त्या फिल्मवर कळलंच नसणार. ईएनटी डॉक्टरांनी आत बघायला हवं. याच वयात नाकामागच्या ॲडिनॉइड गाठी वाढल्या तरी मूल तोंड उघडं टाकून झोपतं, तेही बघतील. पडद्याचं नेहमीचं ऑपरेशन आम्ही शक्यतो नाकाची वाढ संपेपर्यंत, सोळा-सतरा वर्षांपर्यंत थांबवतो. श्वास फारच अडत असेल तर मुलांतही करतात, पण हात राखून. तोवर स्प्रे आणि धुणं.

तुमच्या पत्राच्या निमित्ताने बाकीच्या आईबापांना एक गोष्ट सांगायची आहे. कापलेल्या शेतात सगळीकडे फुटबॉल सुरू होईल आणि नाकं फुटतील. घोळणा फुटला तर मुलाला पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबून धरा. मान मागे करायची नाही आणि कांदा हुंगवत वेळ घालवायचा नाही. त्यानंतर दोन-तीन दिवस त्याच्या नाकात टॉर्च मारून बघा. मधल्या भिंतीवर पिकल्या जांभळासारखा तांबडा-जांभळा फुगवटा, बहुधा दोन्ही बाजूंना, नाक पूर्ण बंद, ठणका वाढतोय, ताप. हे रक्त पडद्याच्या अस्तराखाली साचलंय. कूर्चेला रक्त अस्तरातूनच मिळतं, तेच तुटतं. दोन-तीन दिवसांत कूर्चा मरते, पू होतो, आणि नाक मधोमध खोगिरासारखं बसतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, रात्र असली तरी. छोटा छेद देऊन रक्त काढलं की नाक वाचतं. आणि नाक वाकडं दिसत असेल तर सूज उतरल्यावर, मुलांत आठवड्याच्या आत दाखवा, कारण मोडलेलं हाड तोवरच नुसतं दाबून जागेवर बसवता येतं.

नवरा इतका घोरतो की मी हॉलमध्ये झोपते. नाकाचं ऑपरेशन केलं तर थांबेल का? — गृहिणी, मडगाव

थोडं कमी होईल, थांबेल असं वचन देणार नाही. घोरण्याचा आवाज बहुतेक घशाच्या मऊ भागातून येतो. तुम्ही लिहिलंय, मध्येच श्वास थांबतो, मग दचकून उठतात, आणि दिवसा स्कूटरवर डुलकी लागते. ऑपरेशनचं राहू दे, आधी झोपेची तपासणी करून घ्या आणि तोवर स्कूटर तुम्ही चालवा. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, निघाला तर वजन उतरवणं आणि सीपॅप मशीन (झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा देणारं) हा मुख्य इलाज. नाक मोकळं केलं तर मशीन सोसायला सोपं जातं, एवढाच पडद्याचा वाटा.

ऑपरेशनशिवाय पडदा सरळ होतो का? प्राणायाम, नाकात तूप, लेसर असं बरंच ऐकतो. — निवृत्त बँक कर्मचारी, काणकोण

होत नाही. प्राणायाम करा, मन शांत होतं, हाड सरकत नाही. नाकावर लावायच्या चिकटपट्ट्या नाकपुडी बाहेर ओढतात, रात्रीपुरत्या कुणाकुणाला बऱ्या वाटतात. कोरडेपणासाठी नाकपुडीच्या कडेला तुपाचं बोट लावायला माझी हरकत नाही, माझी आजीही लावायची. पण रोज तेल आत सोडू नका, ते झोपेत फुप्फुसात उतरलं तर तिथे सूज येते. लेसर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने फुगलेली घडी लहान करतात, जाहिरातीत तेच “हाड” म्हणून खपवतात.

खर्च किती? सरकारी योजनेत बसतं का? — वाचक, बार्देश

खाजगीत दर रुग्णालयागणिक बदलतो, आकडा छापला तर उद्या माझ्याच दारात भांडण. भूल, सर्जन, खोली, पट्ट्या, सगळं धरून लेखी अंदाज मागा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, हे रोजचं ऑपरेशन आहे, वाट बघायची तयारी ठेवा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते घेऊन योजनेच्या खिडकीवर आधी विचारा, दाखल झाल्यावर नको. खाजगी विमा असेल तर पॉलिसीचं बारीक अक्षर वाचा. नाकाचा पडदा आणि सायनस यांना पुष्कळ पॉलिसींत पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत. नाक दिसायला सुंदर करायचं असेल तर ते स्वतःच्या खिशातून.

सदरावरच्या फोटोत तुमचंच नाक डावीकडे वळलेलं दिसतं. तुम्ही का नाही करून घेतलं? — कॉलेजचा विद्यार्थी, पणजी

छायाचित्रकाराने उजेड नेमका त्याच बाजूने टाकला, मी काय करू. आठ वर्षांची असताना काजूची बोंडं काढताना फांदीसकट खाली आले. आईने हळद भरली, झालं. डाव्या नाकपुडीतून माझा श्वास जेमतेम येतो, चमच्यावर डाग उठतो तो तांदळाएवढा. आपण ज्या कुशीवर झोपतो ती खालची बाजू जास्त चोंदते, म्हणून मी डाव्या कुशीवर झोपते आणि उजवी मोकळी राहते. पावसाळ्यात स्प्रे मारते. घोरत नाही असं घरचे सांगतात, खरं-खोटं ते जाणोत. एवढ्यावर माझं भागतं. उद्या नाही भागलं तर कुणाकडे जायचं तेही ठरवून ठेवलंय, पण नाव विचारू नका, इथे आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो.

पुढच्या अंकात घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटण्याबद्दलची पत्रं घेईन. वय आणि चालू असलेली औषधं लिहायला विसरू नका.